भिंगरीची झोप

भिंगरी खुर्चीत बसल्या बसल्या झोपली, आणि तिच्या भावाच्या हातातली मेण कोरायची सुरी हवेत तशीच राहिली. दुपारची वेळ होती. ती सासूबाईंची तडकलेली कवळी घेऊन आली होती. दुरुस्त होईपर्यंत थांबते, म्हणाली होती, आणि कोपऱ्यातल्या त्या हात मोडलेल्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. दातांच्या त्या लॅबमध्ये कवळ्या घासायचं यंत्र घरघरत होतं, चिनीमातीचे दात भाजणारा सिरॅमिकवाला भट्टीसमोर उभा राहून शीळ घालत होता, खिडकीतलं ऊन तिच्या थेट तोंडावर पडलं होतं, आणि या सगळ्यात तिची मान हळूच डाव्या खांद्यावर कलली, ओठ जरासे विलग झाले, पर्सवरची बोटं सैल पडली. त्याला आधी वाटलं, हिला घेरी आली. तो उठलाच होता. मग त्याने तिचा श्वास पाहिला. सावकाश, भरपूर, पोटापासून वर येणारा. हिशेब न ठेवता घेतलेला श्वास. सिरॅमिकवाल्याने शीळ थांबवली आणि दबक्या आवाजात म्हणाला की ताई चांगल्याच दमलेल्या दिसतात. तो हो म्हणाला आणि खाली बसला. स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवायची, गुलाबी मेणात फिरवायची, हिरडीचा उठाव द्यायचा, हे त्याचे हात आपले आपण करत राहिले. पण छातीच्या खाली कुठेतरी, जेवण पचत नाही तेव्हा जळजळतं तशा जागी, काहीतरी पेटलं होतं. आपल्या बहिणीला शांत झोपलेलं पाहून माणसाला जे वाटायला हवं ते हे नव्हे, एवढं त्याला कळत होतं.

कारण भिंगरी कुणासमोर झोपत नसे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी तिच्या खोलीत दिवा जळत असे, पलंग दाराजवळ असे, चपला पलंगाखाली बोटं बाहेर करून ठेवलेल्या असत, म्हणजे उतरलं की पाय थेट आत. तिच्या नवऱ्याने डोळ्यांवर फडकं बांधून झोपायची सवय करून घेतली होती. मेहुणा विनोदी माणूस, तो म्हणे की मी लग्न नाही केलं, मी रेल्वेच्या फलाटावर जागा घेतली. भिंगरी हसायची आणि दिवा तसाच ठेवायची. त्याच्या स्वतःच्या खोलीत दिवा नव्हता, पण खिडकी उघडी असे, कडाक्याच्या थंडीतही, आणि बायको दोन पांघरुणं घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपत असे. दोघा भावंडांचं हे एकच दुकान होतं, शाखा दोन. त्याने कधी ते तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण मनात ती पाटी लावलेली होती, आणि आज समोर, भर उन्हात, एका शाखेने शटर खाली ओढलं होतं.

कवळी तयार झाली तेव्हा ती जागी झाली. आळस दिला, तोंडावरून हात फिरवला आणि सहज म्हणाली, "डोळा लागला वाटतं." जगातली माणसं हे वाक्य उठता बसता बोलतात. तिच्या तोंडून त्याने ते कधी ऐकलं नव्हतं. मग रस्त्यापर्यंत सोडायला गेला तेव्हा तिने सांगितलं. ती मनाच्या एका डॉक्टरकडे जात होती, बरेच महिने. रात्री पडणारं ते नेहमीचं स्वप्न दिवसा, जागेपणी, मोठ्याने सांगायचं. मग त्याचा शेवट बदलायचा, आपल्याला हवा तसा, आणि तो नवा शेवट रोज संध्याकाळी डोळे मिटून पहिल्यापासून पाहायचा, पाढे म्हटल्यासारखा. सुरुवातीला खूप त्रास झाला म्हणे, उलट्या व्हायच्या. आणि मग एका आठवड्यात स्वप्न आलंच नाही. मग पुढच्याही आठवड्यात नाही. आता दिवा बंद असतो. मेहुण्याला अंधाराची सवय राहिलेली नाही, तोच बिचारा पाणी प्यायला उठतो तेव्हा कपाटावर आपटतो. ती हे सांगताना हसत होती. तुला सांगणारच होते दादा, म्हणाली. पण टिकतं की नाही ते बघत होते. तो म्हणाला छान झालं. फार छान झालं. रस्ता ओलांडून ती गेली, तिच्या चालण्यात लहानपणची ती गिरकी होती जिच्यामुळे तिला भिंगरी हे नाव पडलं होतं, आणि तो फुटपाथवर उभा राहून विचार करत होता तो एवढाच, की मेहुण्याला हे आधी ठाऊक होतं. डॉक्टरला ठाऊक होतं. कपाटालासुद्धा ठाऊक होतं.

लहानपणी ते राहत होते ती इमारत एका सकाळी बसली. पडली म्हणण्यापेक्षा बसली, दमलेलं जनावर बसावं तशी, आधी पुढचे पाय मग मागचे. तो नऊ वर्षांचा होता आणि भिंगरी सहाची. आई टेलिफोनच्या कचेरीत होती, वडील फिरतीवर. भिंगरीला ताप होता म्हणून त्याला घरी ठेवलं होतं. दोघं जेवणाच्या टेबलाखाली घर घर खेळत होती आणि नंतर ते टेबलच तेवढं घर उरलं. अंधार, आणि चुन्याची धूळ, इतकी की थुंकी गिळली तर घशात कणीक मळली जावी. भिंगरी त्याच्या दंडावर डोकं ठेवून पडली होती. तिचं कपाळ तापाने भाजत होतं आणि त्या अंधारात तेवढीच एक ऊब होती. तो तिचे श्वास मोजत होता. मोजणं थांबलं तर श्वास थांबेल असं त्याला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर त्यांना बाहेर काढलं. त्यानंतर आईने त्या गोष्टीचं नाव काढू दिलं नाही. नवं घर, नवी शाळा, नवे कपडे, कुणी पाहुणा आपुलकीने विचारू लागला की आई म्हणायची, "मुलांपुढे विषय नको." विषय नाहीसा झाला आणि रात्री येऊ लागला. त्याला आणि तिला. आई असेपर्यंत आईला, आणि पुढे ज्याच्या त्याच्या जोडीदाराला, फक्त ओरडणं ऐकू येई.

पुढे मोठेपणी, घरं वेगळी झाल्यावर, एक रीत पडली होती. ज्याला स्वप्न पडेल त्याने सकाळी दुसऱ्याला फोन करायचा आणि म्हणायचं, आलं होतं. दुसऱ्याने म्हणायचं, बरं. बस. नवं लग्न झालं तेव्हा बायकोने हे ऐकून विचारलं होतं, काय आलं होतं? तो म्हणाला, पार्सल. बायकोने पुन्हा विचारलं नाही. त्या दोन शब्दांत सगळं होतं, निदान त्याला तसं वाटत आलं होतं. त्याच्या स्वप्नात वरून कुणीतरी विचारतं की खाली कोण आहे, आणि तो ओ द्यायला तोंड उघडतो तर तोंडात प्लास्टर असतं, घट्ट झालेलं, दातांचा साचा घ्यावा तसं. आणि वरचे आवाज म्हणतात इथे कुणी नाही, आणि पावलं लांब जातात. भिंगरीचंही हेच स्वप्न असणार असं त्याने धरून चाललं होतं. विचारायचं काय त्यात? एकाच टेबलाखालची दोघं. आणि जगाला जरी वाटलं की या माणसाने आयुष्यभर प्लास्टर कालवण्याचं काम कसं काय पत्करलं, तरी भिंगरीला ते वाटणार नव्हतं. तिला समजलं असतं की आपण स्वतः पाणी घालून कालवलेली धूळ तेवढी भरवशाची असते. हेही त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. ती जाणते असं गृहीत होतं. तीस वर्षं तो या गृहीतावर, एखाद्या वडिलोपार्जित शेतावर राहावं तसा, निवांत राहिला होता.

आता सकाळी फोन वाजेना. त्याला स्वप्न पडलं तरी तो फोन उचलून खाली ठेवी, कारण बऱ्या झालेल्या माणसाला आलं होतं म्हणून सांगणं म्हणजे उपास सोडलेल्याच्या दारात जाऊन आपला उपास मिरवणं. कामात चुका होऊ लागल्या. एका म्हाताऱ्या वकिलाच्या कवळीत त्याने समोरचे दात इतके पांढरे बसवले की लॅबचे मालक म्हणाले, यांना कोर्टात जायचंय की लग्नात. दातांची छटा जुळवायची पट्टी हातात घेऊन तो उभा राही आणि त्याला भिंगरीचा तो उघडा, सैलावलेला ओठ दिसे. डॉक्टरचा त्याला राग येई. कोण कुठली बाई, जी त्या टेबलाखाली नव्हती, जिच्या दाताखाली धुळीचा एक कण आला नव्हता, तिने तास तास खुर्चीत बसून ते सगळं ऐकलं होतं जे त्याने ऐकायला हवं होतं. मेहुण्याचा राग येई, त्याच्या अंधाराचा राग येई. बसमध्ये समोरच्या बाकावर कुणी पेंगू लागलं तर तो उठून दुसरीकडे उभा राही. एकदा त्याने तिला दुकानात फोन केला. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असे. इकडचं तिकडचं बोलून त्याने विचारलं की शेवट काय बदललास. ती म्हणाली जाऊ दे ना, हसशील. तो म्हणाला नाही हसत. ती टाळत राहिली. मग तो जे विचारायला इतके दिवस घोटाळत होता ते त्याने विचारलं.

"मी आहे ना त्यात?"

तिकडे कुणीतरी खोकल्याच्या औषधाचं नाव घेत होतं.

"नाहीस," ती म्हणाली, आणि गिऱ्हाईक आलंय, नंतर बोलते, म्हणून फोन ठेवला.

नाहीस. तो हा शब्द घेऊन घरी आला, जेवला, भांडी विसळली. ज्याच्या दंडावर तिने डोकं ठेवलं होतं तो दंड त्याने शर्टाच्या बाहीतून चाचपून पाहिला. तिला बरं वाटायला त्याला काढावं लागलं होतं. भिंत तशीच, अंधार तसाच, टेबल तसंच ठेवून बहुधा त्याला तेवढं उचलून बाहेर टाकलं होतं, जसं दुखणारी दाढ काढून ताटलीत टाकतात, आणि रोगी गाल दाबत हसत निघून जातो. त्याच्या मनात येई, कुणाला ठेवलं असेल माझ्या जागी? आईला? मेहुण्याला? दिवस जाऊ लागले तसं हे वाढतच गेलं. रात्री स्वप्नाचं, दिवसा याचं, असा चोवीस तासांचा बंदोबस्त झाला. आणि मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, लॅबच्या जिन्यावर उभं राहून त्याने तिला पुन्हा फोन केला आणि एक गोष्ट सांगितली जी त्याने तीस वर्षं कुणालाही सांगितली नव्हती. तिच्यासाठीच लपवून ठेवलेली होती ती. तिने ती कधी ऐकू नये म्हणून. तो अगदी सहज स्वरात म्हणाला की तुला आठवतं का ग, पलीकडून टकटक येत होती. शेजारच्या खोलीतले शिंपीकाका. मी टेबलाच्या पायावर वाजवलं की ते तिकडून वाजवायचे. तू झोपली होतीस तेव्हा. बराच वेळ वाजवत होते. मग हळू वाजायला लागलं. मग नाही वाजलं. शिंपीकाका तिला चिंध्यांच्या बाहुल्या करून देत असत. त्याने फोनमध्ये विचारलं, आहेस ना? ती म्हणाली आहे. मग त्याने हवापाण्याबद्दल काहीतरी विचारलं आणि फोन ठेवला, आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. ती जळजळ, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा, थांबली होती.

दोन सकाळी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी तो दाढी करत असताना फोन आला. भिंगरीचा नव्हे, मेहुण्याचा. मेहुणा विनोद करत नव्हता. हिला झोप लागत नाहीये, म्हणाला. दिवा पुन्हा लावलाय. काल रात्री सगळी बसूनच होती. तुम्हाला काही बोलली का? तो नाही म्हणाला, काळजी करू नका म्हणाला, फोन ठेवला आणि वळला. बायको दारात उभी होती, हातात चहाचे कप, आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. आरशात त्याने स्वतःचं तोंड पाहिलं तेव्हा त्यालाही दिसलं. एका गालावर साबण होता आणि दुसरा गाल हसत होता.

"बरं वाटलं ना तुला?" बायकोने विचारलं.

तो गालावरचा साबण पुसू लागला. त्याला वाटलं आता ती तोंड फिरवेल. पण ती कप ठेवून पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली की मला माहितेय कसं वाटतं ते. तिने सांगितलं तसं तिने कधी काही सांगितलं नव्हतं. आवाज न चढवता, पदराची दशी ओढत. इतकी वर्षं रात्री तू ओरडतोस, मी तुला धरते, घाम पुसते, तुझ्या नखांचे ओरखडे माझ्या मनगटावर आहेत. आणि सकाळी तू गॅलरीत जाऊन तिला फोन करतोस. तुझं घाबरणं माझ्या वाट्याला आणि सांगणं तिच्या. एकदा, घरात वायरचा फोन होता तेव्हा, मी त्याची वायर काढून ठेवली होती, तू दिवसभर बिघाड शोधत होतास आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून खूश होते. नंतर रडले, ते वेगळं. त्याला ती वायर आठवली. तो तिच्या मनगटाकडे पाहत राहिला; त्यावर बारीक पांढऱ्या रेघा होत्या, ज्या त्याने बांगडीच्या घासल्याच्या असतील असं समजून कधी पाहिल्याच नव्हत्या. एका खोलीत, दोन पांघरुणांखाली, कुणीतरी आपलाच हेवा करत जागं होतं हे कळणं विचित्र होतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेबरोबर, कबूल करायला हरकत नाही, थोडंसं सुखही. बायको उठली आणि म्हणाली, तिला इकडे बोलाव. फोनवर नको काही.

भिंगरी सुट्टीच्या दिवशी आली. डोळ्यांखाली काळं होतं. ती बसली नाही, जेवणाच्या टेबलाशी उभी राहिली, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून, आणि बायको आत जायला निघाली तर तिने वहिनी तू थांब म्हणून सांगितलं.

"मुद्दाम सांगितलंस ना?"

"हो."

"मला झोप लागू नये म्हणून."

"हो," तो म्हणाला. त्याने खूप काही जुळवून ठेवलं होतं, पण ते सगळं तिच्या डोळ्यांखालच्या त्या काळ्या अर्धवर्तुळांपुढे निरर्थक होतं.

तिने विचारलं की ती टकटक तू एकट्याने ऐकलीस, आणि इतकी वर्षं. तो मान हलवत राहिला. ती म्हणाली की शिंपीकाकांचं तिला वाईट वाटलं, पण झोप गेली ती त्यांच्यामुळे नव्हे. नऊ वर्षांचा मुलगा अंधारात ते ऐकत पडलाय आणि मी घोरतेय, हे मला दिसायला लागलं, ती म्हणाली. आणि मग तिने विचारलं की हे सगळं मी ‘नाहीस’ म्हणाले म्हणून का. तो म्हणाला की मला तुझ्या स्वप्नात जागा हवी होती. बोलून झाल्यावर त्याला ते एखाद्या पोराने म्हणावं तसं वाटलं. भिंगरीने खुर्ची ओढली आणि खाली बसली.

"तुझं स्वप्न मला माहीत नाही दादा," ती म्हणाली. "माझं तुला माहीत नाही. आपण कधी बोललोच नाही. मला तो ढिगारा दिसत नाही रे. मला तुझा हात दिसतो. मी तो धरलेला असतो आणि तो गार होत जातो. मी हाका मारते, तू ओ देत नाहीस. तेवढंच. तीस वर्षं तेवढंच."

त्याने नकळत हात टेबलावरून काढून मांडीवर घेतला.

"मला ताप होता म्हणून तू घरी राहिलास," ती पुढे म्हणाली. "तुला जायचं होतं, तू आईशी भांडला होतास. डॉक्टर म्हणाल्या शेवट काय हवा तो करा. भिंत उचला, पंख लावा, काहीही. मी काही उचललं नाही. मी फक्त तुला सकाळी शाळेत पाठवलं. दप्तर दिलं पाठीवर आणि दार लावून घेतलं."

"आणि तू?"

"मी आहे तिथेच. टेबलाखाली. पण मग भीती नाही वाटत. तू बाहेर आहेस ना. मला तिथेच झोप लागते."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. बायकोने दाराच्या चौकटीला डोकं टेकवलं होतं. त्याला वाटलं आता जळजळ विरेल, एवढं ऐकल्यावर विरायलाच हवी. ती विरली नाही. तिने फक्त जागा बदलली. मेहुणा गेला, डॉक्टर गेली, भिंगरीची झोपसुद्धा गेली, आणि त्या सगळ्यांच्या जागी एक मुलगा आला, ज्याला बहिणीने रोज संध्याकाळी डोळे मिटून शाळेत पाठवलं होतं. तो मुलगा रस्त्याने दगड लाथाडत जातो. त्याच्या बोटांना शाई लागलेली आहे, त्याची एक बाही लोंबते आहे. तो घरी परत येईल तेव्हा काय पाहील ते त्याला ठाऊक नाही, आणि भिंगरीच्या स्वप्नात तो कधी परत येतच नाही, म्हणून ते त्याला कधीच कळणार नाही. त्याच्या दाताखाली एक कणही आलेला नाही. तो मोठा होऊन कुणी भलताच माणूस झाला असता, थंडीत खिडक्या लावून घेणारा, बायकोच्या मनगटाला कधी इजा न केलेला. त्या पोराचा त्याला असा काही हेवा वाटला की आजवर वाटलेले सगळे हेवे त्यापुढे लुटुपुटीचे होते. तो हेवा त्याच्या अंगातून वर आला, डोळ्यांत साठला, आणि नाकातून वाहू लागला, आणि तो बाहीने पुसत राहिला. भिंगरीने त्याला रडू दिलं. बायकोने नॅपकिन आणून टेबलावर ठेवला आणि ती पहिल्यांदाच त्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसली.

"मी वर्गात काय करतो?" नॅपकिनने नाक पुसून त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"शाळेत गेल्यावर. तास कुठला चालू असतो?"

भिंगरी गोंधळली. ते तिने काही ठरवलं नव्हतं; ती त्याला दारापर्यंतच पोचवत असे. तूच सांग, म्हणाली. बायको म्हणाली की गणिताचा नको, याला गणित येत नाही. तो हसला. मग त्याने डोळे मिटले, भर दिवसा, दोन बायकांच्या देखत, आणि तो वर्ग शोधू लागला. फळा सापडला, खिडकी सापडली, पुढच्या मुलाची तेल लावलेली मान सापडली. बाक गार होता. बाहेर कुठेतरी कुणी घंटा पुसत होतं. त्याला वाटलं होतं तो खूप काही करील, पळेल, पतंग उडवील, पण त्या मुलाला तसलं काही करायची इच्छा दिसेना.

"झोपलोय," तो म्हणाला. "शेवटच्या बाकावर."

"बाई ओरडतील," भिंगरी म्हणाली.

"ओरडू देत."